सुनेला बोल लावण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस असल्यामुळे दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांची गर्दी होती. अशात साठीच्या घरातल्या एक आजी सुनेला घेऊन आत आल्या. मुलगा दाराशीच उभा राहिला. खुर्चीवर बसता बसताच आजींनी विषयाला हात घातला.

“बाई, दोन पोरी हायेत पदरात. आता तिसऱ्यांदा दिवस गेल्यात. ह्या खेपेला तरी काय हाय ते मशिनीत बघून सांगा. हिच्या आईला चार पोरीच झाल्या. हिला तरी पोरगा व्हायचा कुठून?”

सून खाली मान घालून पदराशी चाळा करीत होती. वय सव्वीस. साडेतीन महिने होऊन गेले होते. खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग पांढराफटक. चालताना धाप लागते, पाय दुखतात, कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते, असे तिने विचारल्यावर हळूच सांगितले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. गरोदर बाईचे ते निदान ११ तरी हवे.

पोटात काय आहे याची काळजी त्या घरात सगळ्यांना होती. पण जिच्या पोटात ते आहे तिच्या अंगात रक्त किती आहे, हे कोणी पाहिले नव्हते.

मुलगा की मुलगी हे मी सांगणार नाही, ते सांगणे कायद्याने गुन्हा आहे, असे मी आजींना स्पष्ट सांगितले. मग दारातल्या मुलालाही आत बोलावले, औषधाच्या चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि त्यावर चित्रे काढून तिघांना सगळे पहिल्यापासून समजावले. पंधरा-वीस मिनिटे गेली, बाहेरची मंडळी कुरकुरू लागली. पण त्या दिवशी जे सांगितले ते अनेक घरांत सांगण्याची गरज आहे असे वाटल्यावरून या आठवड्यात तोच विषय घेत आहे.

अर्धे बी आईचे, अर्धे बापाचे

पुरुष म्हणजे बी आणि स्त्री म्हणजे जमीन, अशी उपमा आपल्याकडे फार पूर्वीपासून दिली जाते. ही उपमा अपुरी आहे. बी दोघांचेही असते. जमीन मात्र एकट्या स्त्रीची असते.

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशय असते, त्यालाच आपण गर्भपिशवी म्हणतो. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजांडकोश असतो. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली बरीचशी आपोआप नष्ट होतात. पुढे पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत साधारण चारशे बीजेच पिकून बाहेर पडतात. महिन्याला सहसा एक, असा हा हिशेब आहे.

बीज केव्हा बाहेर पडते? पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. ज्या बाईला अठ्ठावीस दिवसांनी पाळी येते तिच्या बाबतीत हा दिवस चौदावा ठरतो. पस्तीस दिवसांनी पाळी येत असेल तर तो एकविसाव्या दिवसाच्या आसपास येतो. मूल हवे असलेल्या जोडप्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. बाहेर पडलेले स्त्रीबीज फार तर एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याच्या आधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ गर्भ राहण्याचा असतो.

एका वेळी कोट्यवधी शुक्रजंतू आत जातात, पण गर्भनलिकेत वाट पाहत असलेल्या बीजापर्यंत त्यांतले अगदी थोडे पोचतात आणि आत शिरकाव होतो तो फक्त एकाचा. एक आत गेला, की बीजाचे कवच बाकीच्यांना दार बंद करते. ही गाठ गर्भपिशवीत पडत नाही, नलिकेत पडते. तिथून फळलेले बीज वाढत वाढत पाच-सहा दिवसांनी गर्भपिशवीत उतरते आणि तिच्या अस्तरात रुजते. रुजले, की त्याच्याभोवती तयार होणारे एक संप्रेरक आईच्या रक्तात आणि लघवीत उतरते. पाळी चुकल्यावर लघवीची जी तपासणी करतात ती या संप्रेरकाचीच.

मुलगा की मुलगी, हे ठरते केव्हा?

आता आजींच्या मुख्य प्रश्नाकडे वळू.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत धाग्यासारखी सूक्ष्म गुणसूत्रे असतात. माणसात ती ४६, म्हणजे २३ जोड्या. हा आकडा नक्की समजला तो १९५६ साली. प्रत्येक जोडीतले एक सूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. त्यासाठी स्त्रीबीज आणि शुक्रजंतू तयार होताना जोड्या फुटतात आणि प्रत्येकात २३ सुटी सूत्रे येतात. दोन्ही बीजे एकत्र आली, की पुन्हा ४६ पूर्ण होतात.

या २३ जोड्यांपैकी एक जोडी लिंग ठरवणारी. स्त्रीमध्ये या जोडीतली दोन्ही सूत्रे सारखी असतात. त्यांना ‘एक्स’ म्हणतात. पुरुषामध्ये एक ‘एक्स’ आणि दुसरे आकाराने लहान असे ‘वाय’ असते. आता हिशेब करा. आईजवळ ‘एक्स’शिवाय दुसरे काही नाहीच. म्हणून तिचे प्रत्येक बीज ‘एक्स’चेच. वडिलांचे निम्मे शुक्रजंतू ‘एक्स’चे आणि निम्मे ‘वाय’चे. ‘एक्स’चा शुक्रजंतू आधी पोचला तर मुलगी, ‘वाय’चा पोचला तर मुलगा.

हे शोधून काढण्यात अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स नावाच्या संशोधक बाईंचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९०५ साली पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि नराच्या बीजातले लहान सूत्रच पिल्लाचे लिंग ठरवते, असे दाखवून दिले. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितले. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. तरी आपल्याकडे ऐकून घ्यावे लागते ते सुनेलाच.

शेतात बाजरी पेरली आणि बाजरीच उगवली, तर ज्वारी का आली नाही म्हणून जमिनीला कोणी रागावत नाही.

मात्र याचा अर्थ आता सुनेऐवजी मुलाला बोल लावावा, असाही नाही. कुठला शुक्रजंतू आधी पोचणार हे त्याच्या हातात नसते. नाणे उडवण्यासारखाच हा प्रकार आहे. आणि नाण्याला मागचे काही आठवत नाही. पहिल्या दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या वेळी मुलगा होण्याची शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही. दर खेपेला ती जवळजवळ निम्मीच राहते. तीन मुले असलेली आठ घरे घेतली, तर त्यांतल्या एखाद्या घरात तिन्ही मुली असणे हे अगदी साध्या गणितात बसते. त्यात शाप नाही, कोणाचा पायगुण नाही आणि ‘हिच्या आईला मुलीच झाल्या’ याचा संबंध तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट. हा सगळा निकाल बीज फळले त्याच क्षणी लागलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात दिलेल्या औषधाने, मुळीने किंवा पुडीने मुलीचा मुलगा होत नाही. उलट त्या काळात बाळाचे अवयव घडत असतात. पुडीत काय आहे हे घेणारीला ठाऊक नसते. देणाऱ्याला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की त्याचे औषध निम्म्या वेळा आपोआप ‘लागू’ पडणार आहे. ज्यांना मुलगा होतो ते पेढे घेऊन जातात, ज्यांना मुलगी होते ते परत जात नाहीत. भोंदूचे दुकान चालते ते यावरच.

नऊ महिने, सात दिवस

गरोदरपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. एकूण ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. सोपी रीत अशी, की त्या तारखेत सात दिवस आणि नऊ महिने मिळवावेत. पाळी ५ जूनला आली असेल तर अंदाजे तारीख १२ मार्च. मात्र बरोबर त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बाया थोड्याच असतात. आठ-दहा दिवस इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे.

पाळी चुकून एक-दोन आठवडे होतात न होतात, तोच बाळाचे हृदय धडधडू लागलेले असते. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया तर त्याच सुमारास पूर्ण होतो. त्यासाठी फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गरज असते. दिवस गेल्याचे कळेपर्यंत हा काळ बहुतेक संपलेला असतो. म्हणून मूल हवे असे ठरवले, की त्या दिवसापासूनच ही गोळी सुरू करावी.

बारा आठवडे होईपर्यंत हात, पाय, बोटे, डोळे, कान, मूत्रपिंडे अशी सर्व अवयवांची मांडणी झालेली असते. बाळ तेव्हा जेमतेम दोन-सव्वादोन इंचांचे असते. पुढचे सहा महिने मुख्यतः वाढीचे. यावरून पहिले तीन महिने किती नाजूक हे लक्षात यावे. या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये. तंबाखू, मिश्री आणि दारू तर संपूर्ण नऊ महिने वर्ज्य. मिश्रीला आपल्याकडे व्यसन समजत नाहीत, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यामुळे बाळाचे वजन कमी भरते.

पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळ फिरलेले कळते. पहिलटकरणीला थोडे उशिरा, आधी बाळंतपण झालेलीला थोडे लवकर. सातव्या महिन्याच्या शेवटी त्याचे वजन साधारण एक किलो असते, आणि उरलेल्या दोन-सव्वादोन महिन्यांत ते अडीच-तीन किलोंपर्यंत जाते. ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि अडेल’ या भीतीने शेवटच्या महिन्यांत सुनेला कमी जेवू घालणारी घरे आजही आहेत. नेमका तोच काळ बाळाच्या अंगी मांस धरण्याचा असतो. त्या वेळी उपाशी ठेवलेल्या आईचे बाळ अशक्त निपजते.

वार आणि नाळ

आई आणि बाळ यांचे रक्त एकच असते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे नाही. गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला वार चिकटलेली असते. तिच्या एका अंगाने आईचे रक्त खेळते, दुसऱ्या अंगाने बाळाचे. मध्ये पातळ पडदा. या पडद्यातून प्राणवायू, साखर, प्रथिने, लोह हे सारे आईकडून बाळाकडे जाते आणि बाळाच्या शरीरातली घाण आईकडे येते. रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही. म्हणूनच आईचा आणि बाळाचा रक्तगट निराळा असू शकतो.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले बाळ सहसा सुखरूप राहते, पुढच्या बाळाला कावीळ, रक्त कमी होणे असे त्रास होतात. कधी बाळ दगावतेही. यावर ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन आहे. ते सातव्या महिन्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपात झाला तरी ते घ्यावे लागते. तेव्हा पहिल्याच तपासणीत रक्तगट करून घ्यावा आणि तो कार्डावर लिहिला आहे ना, हे पाहावे.

खरा धोका इथे आहे

आता त्या सुनेच्या ७.८ हिमोग्लोबिनबद्दल. गरोदरपणात आईचे रक्त जवळजवळ दीडपट होते. ते तयार करायला लोह लागते. बाळही जन्मानंतर पुढचे काही महिने पुरेल एवढे लोह आईच्या शरीरातून घेऊन ठेवते. आईचा साठा आधीच रिकामा असेल तर तिचे रक्त पातळ होते. पाळीत जाणारे रक्त, लागोपाठची बाळंतपणे, जंत आणि घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची रीत, ही साठा रिकामा होण्याची नेहमीची कारणे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली.

याचा परिणाम कळतो तो बाळंतपणाच्या दिवशी. साध्या बाळंतपणातही पाव ते अर्धा लिटर रक्त जाते. धडधाकट बाईला ते सोसते. अंगात रक्तच कमी असलेल्या बाईला तेवढेच रक्त जाणे जीवघेणे ठरू शकते. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंमागे अतिरक्तस्राव हे सर्वांत मोठे कारण आहे.

उपाय अवघड नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यावी. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन देतात किंवा शिरेतून लोहाचे इंजेक्शन देतात. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी म्हणजे अंगी लागते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळे होते म्हणून बाया गोळ्या बंद करतात. ते काळे होणे लोहामुळे असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जोडीला बाजरीची भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, आणि चालत असेल तर अंडी, मटण, मासे. आणि मुख्य म्हणजे, गरोदर बाईने सर्वांत शेवटी जेवू नये.

बाळंतपण

दिवस भरले, की गर्भपिशवी ठरावीक वेळाने आवळू लागते. याच कळा. सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटांनी, मग दहा, मग पाच. खोट्या कळा थोड्या विश्रांतीने थांबतात, खऱ्या वाढत जातात. प्रत्येक कळेबरोबर गर्भपिशवीचे तोंड थोडे थोडे उघडते. ते दहा सेंटिमीटर उघडले, की बाळाची वाट मोकळी होते. पहिलटकरणीला याला बारा तास किंवा अधिकही लागतात, पुढच्या खेपांना निम्मा वेळ. पाणमोट कधी आधी फुटते, कधी मागाहून. कळा नसताना पाणी जाऊ लागले तर मात्र घरी थांबू नये.

तोंड पूर्ण उघडल्यावर आई जोर करते आणि बाळ जन्मते. लवकर मोकळी व्हावी म्हणून त्याआधीच जोर करायला लावणे किंवा पोट दाबणे घातक आहे. नाळ निर्जंतुक ब्लेडने कापावी आणि तिच्यावर हळद, राख, तेल असे काहीही लावू नये. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत वार पडते. रक्तस्राव होतो तो याच वेळी. म्हणूनच बाळंतपण दवाखान्यात व्हावे असा आमचा आग्रह असतो. तिथे गर्भपिशवी आवळण्याचे इंजेक्शन असते, रक्त चढवण्याची सोय करता येते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया लागल्यास ती, औषधे आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सर्व २०११ पासून मोफत आहे.

बाळाला पहिल्या तासात छातीशी धरावे. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक पिळून टाकू नये. रोगांपासून बाळाचे रक्षण करणारी द्रव्ये त्यात असतात. मध, साखरेचे पाणी, घुटी काही नको. सहा महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको.

नाक आजोबांचे, रंग आत्याचा

बाळ पाहायला आलेल्या बायांचा पहिला विषय म्हणजे ते कोणासारखे आहे. गुणसूत्रांवर जनुके असतात. रंग, उंची, केस, रक्तगट यांची सांगी त्यांत असते. प्रत्येक गोष्टीसाठी जनुकांची जोडी, एक आईचे, एक वडिलांचे. दोन्ही वेगळी असतील तर कधी एकाचा प्रभाव दिसतो आणि दुसरे गुपचूप राहते. ते गुपचूप राहिलेले जनुक एखादी पिढी ओलांडून नातवात दिसू शकते. ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली हा नियम प्रसिद्ध केला, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही.

एकाच आईबापांची मुले इतकी वेगळी का? कारण २३ जोड्यांतून प्रत्येकी एक सूत्र उचलायचे तर ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारे उचलता येते. म्हणजे एकाच माणसाच्या बीजांचे जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष प्रकार! चौऱ्याऐंशी लक्ष योनींची गोष्ट ऐकत आलेल्या आपल्या मंडळींना हा आकडा लक्षात ठेवणे जड जाणार नाही. कातडीचा रंग तर अनेक जनुकांवर ठरतो. केशर-दूध प्यावे, चवीसाठी प्यावे, पण त्याने बाळ गोरे होत नाही.

गुपचूप जनुकांतून आजारही येतात. पूर्व विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हे त्याचे उदाहरण. सिकलसेलचे एकच जनुक असलेला माणूस ‘वाहक’ असतो. त्याला सहसा काही त्रास नसतो आणि तो तपासल्याशिवाय कळतही नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहक असण्याची आणि एक पूर्ण निरोगी असण्याची. थॅलेसेमियाचेही असेच. साध्या रक्ततपासणीने हे लग्नाआधी समजते. पत्रिकेतले छत्तीस गुण पाहणाऱ्यांनी ही एक तपासणीही करून घ्यावी.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. जवळच्या नात्यात सारखीच गुपचूप जनुके असण्याचा संभव अधिक, म्हणून अशा जोडप्यांच्या मुलांत जन्मजात दोषांचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. तरीही बहुतेक मुले निरोगीच होतात. घरात आधी असा आजार असेल तर मात्र डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

ग्रहणाबद्दलही सांगून टाकते. ग्रहणात विळी-चाकू हाती धरला म्हणून बाळाचा ओठ फाटतो, असे म्हणतात. ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्याच्या अखेरीच्या सुमारास. तो जुळायचा राहून गेला तर त्यामागे जनुके, काही औषधे, तंबाखू, पोषणाची कमतरता अशी कारणे असतात. सहाव्या-सातव्या महिन्यात लागलेले ग्रहण जुळलेला ओठ उसवू शकत नाही. त्यापायी गरोदर बाईला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून बसवणे मात्र खरोखर अपायकारक आहे.

कायदा आणि आकडे

गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र १९८८ साली देशात आघाडीवर होता. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. तपासणी करणारा डॉक्टर आणि ती करून घ्यायला लावणारे नातेवाईक, दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. अशा तपासणीची जाहिरात करणे हाही गुन्हाच. गरोदर स्त्रीवर नवऱ्याने व सासरच्यांनी बळजबरी केली असावी, असेच कायदा धरून चालतो.

तरीही आकडे काय सांगतात? सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ८०७. निसर्ग एवढा फरक करीत नाही.

पुढे काय झाले

त्या दिवशी चित्रे पाहून झाल्यावर मुलगा खाली पाहत म्हणाला, “म्हणजे पोरगा-पोरगी माझ्याकडनंच?” मी होय म्हटले. सून पहिल्यांदाच मान वर करून नवऱ्याकडे पाहत होती. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, ह्याच्या आधी मला तीन पोरी झाल्या व्हत्या. सासू चुलीपाशी बसू द्यायची न्हाई. मग मी ते सगळं उगाचच ऐकून घेतलं म्हना की.”

यावर मी काय उत्तर देणार? मी गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्याच हाती दिली आणि गोळी रोज तुमच्यासमोर गिळली पाहिजे, असे सांगितले.

आजी दर महिन्याला सुनेबरोबर आल्या. शिरेतून लोह दिले, गोळ्या चालू ठेवल्या. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ झाले. बाळंतपण सुखरूप पार पडले. मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. पेढे काही आले नाहीत, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी फेरीला गेले तेव्हा आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि सून पोटभर जेवत होती.

कात्रण करून ठेवा

१. पाळी चुकताच नाव नोंदवा. निदान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

२. प्रत्येक वेळी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका.

३. अंगावरून रक्त जाणे, चेहऱ्यावर किंवा हातापायांवर सूज, सतत डोकेदुखी, नजर अंधूक होणे, झटके, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

४. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवा. पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हेही घरातल्या पुरुषांनी लक्षात घ्यावे.

५. मुलगा की मुलगी, हे विचारू नका. विचारायचेच असेल तर सुनेला विचारा, “आज गोळी घेतलीस का?”